वाचनाची आवड, आठवड्याला चार तास: स्वयंसेवेचं कोणतं काम घ्यावं?

पुस्तकवेडा_नाशिक
मराठी वाचनाची आवड आहे, शुद्धलेखनाची जाण बरी, आवाजही ठीक. आठवड्याला चार तास देता येतील, तेही रात्री नऊनंतर घरूनच. ‘स्वयंसेवक हवेत’ म्हणणाऱ्यांकडे चौकशी केली की खुर्च्या लावणं नाहीतर देणगीदार शोधणं, एवढंच पुढे येतं. माझ्यासमोर तीन पर्याय आहेत: अंध विद्यार्थ्यांसाठी लेखनिक होणं (परीक्षेत ते सांगतील ती उत्तरं लिहून देणं), त्यांच्यासाठी पुस्तकांचं ध्वनिमुद्रण आणि मराठी विकिस्रोत या जुन्या पुस्तकांच्या मोफत ऑनलाइन ग्रंथालयात मुद्रितशोधन. यातलं खरोखर वापरात येणारं काम कोणतं? आणि नवखी माणसं कुठे अडकतात?

कानामात्रा
रात्री नऊनंतर घरून म्हणजे विकिस्रोत सगळ्यात सोपं. कुणाची परवानगी नको, मुलाखत नको. खातं उघडा, ‘अनुक्रमणिका’ विभागात एखादं पुस्तक निवडा आणि लाल रंगाचं पान उघडा. एका बाजूला स्कॅन असतं, दुसऱ्या बाजूला यंत्राने ओळखलेला मजकूर. तो स्कॅनबरहुकूम करून जतन केला की पान पिवळं होतं. दुसऱ्या कुणीतरी तपासलं की हिरवं. स्वतः पिवळं केलेलं पान स्वतःला हिरवं करता येत नाही, आणि हे चांगलंच आहे.

यंत्र देवनागरीत ठरावीक ठिकाणी चुकतं. ध-घ, भ-म, ब-व, ष-प, थ-य या जोड्या, ‘ख’चा ‘रव’, गळालेला अनुस्वार, शेजारच्या अक्षरावर जाऊन बसलेला रफार. विसर्गाच्या जागी अपूर्णविराम येतो तो तर डोळ्याला दिसतच नाही, पण शोधताना ‘दुःख’ सापडत नाही. ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द जोडून घ्या. पानाचा माथा (पुस्तकाचं नाव, पृष्ठांक) वेगळ्या चौकटीत टाका, नाहीतर पुढे अख्खं प्रकरण एकत्र दिसताना तो मध्येच उगवतो.

शुद्धलेखनाची जाण असलेली माणसं इथे एक चूक हमखास करतात: जुनं लेखन ‘सुधारतात’. ‘कांहीं’, ‘घरांत’, ‘त्यानें’ हे जसंच्या तसं ठेवायचं. १९६२च्या नियमांनंतर हे अनुस्वार गेले, पण आपण संपादक नाही आहोत. मूळ छपाईतली उघड चूकसुद्धा परस्पर बदलायची नाही.

वेगाचा अंदाज: नवख्याला एका पानाला १५ मिनिटं धरा. तासाला चार पानं, आठवड्याला सोळा, म्हणजे २०० पानांचं पुस्तक तीन महिन्यांत. पहिलं पुस्तक १०० पानांच्या आतलं घ्या आणि नाटक किंवा कविता टाळा, त्यांची मांडणी फार वेळ खाते.

नवं पुस्तक स्वतः चढवायचं असेल तर आधी स्वामित्वहक्क बघा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं मोजतात. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचं लेखन १ जानेवारी २०११पासून खुलं. अनुवादाला मात्र अनुवादकाचे हक्क वेगळे असतात. लेखक शंभर वर्षांपूर्वी गेलेला आणि प्रस्तावना परवाच्या आवृत्तीतली, असं पुस्तक चढवलं तर प्रस्तावनेवरून अडतं.

जाई_ठाणे
लेखनिक व्हायच्या आधी एक अट बघा. बऱ्याच परीक्षांमध्ये लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली असावं लागतं. तुम्ही पदवीधर असाल तर दहावी-बारावीला तुमचा उपयोग नाही, तिथे शाळकरी मुलं लागतात. प्रत्येक परीक्षेचे नियम निराळे आणि ते बदलतातही, म्हणून सूचनापत्रक आधी मागून घ्या. शिवाय काम दिवसा, कामाच्या वारी. तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळतो, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. प्रवास धरून पूर्ण रजा टाकावी लागते. ऐनवेळी ‘जमणार नाही’ कळवणारा लेखनिक विद्यार्थ्याचं वर्ष घालवू शकतो. तुमच्या वेळापत्रकात हे बसत नाही, तेव्हा सरळ सोडा.

ध्वनिमुद्रण बसतं. २०१२च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्यात अपंग वाचकांसाठी, नफा न कमावता, पुस्तकाचं सुलभ रूप करायला मुभा आहे. पण ते त्याच वाचकांपर्यंत राहायला हवं. तीच फाईल यूट्यूबवर टाकली की सवलत संपली. म्हणून काम एखाद्या अंधशाळेमार्फत किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयामार्फत घ्या आणि पहिला प्रश्न विचारा: हे पुस्तक मागितलंय कुणी, आणि परीक्षा कधी आहे? आपल्याला आवडलेली कादंबरी वाचून देणारे पुष्कळ असतात. राज्यशास्त्राच्या तिसऱ्या सत्राचं पुस्तक वाचणारे मिळत नाहीत.

हिशेब असा: ३०० शब्दांच्या पानाला साधारण तीन मिनिटं, २०० पानांना दहा तास. चुका काढून, पुन्हा वाचून त्याचे तीस तास होतात, म्हणजे तुमचे सात-आठ आठवडे. परीक्षा जवळ असेल तर पहिल्या पानापासून सुरुवात करू नका, लागणारी प्रकरणं आधी द्या. एका प्रकरणाची एक फाईल, नावात क्रमांक दोन आकडी (०१, ०२), नाहीतर फोनवर १०वं प्रकरण २ऱ्याच्या आधी लागतं.

पंखा बंद, फोन विमान मोडवर, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट समोर. माईक तोंडापासून वीतभर आणि थोडा बाजूला, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’चे फटके बसत नाहीत. सुरुवातीला पाच सेकंद नुसती शांतता मुद्रित करा, ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रणालीत खरखर काढायला तो नमुना लागतो. पृष्ठांक बोला, तळटीप कुठे सुरू होते नि कुठे संपते तेही बोला. तक्ता वाचताना आधी स्तंभांची नावं सांगा, मग ओळीने जा. आणि कृपा करून नाट्यवाचन नको. ऐकणारी मुलं दीडपट-दुप्पट वेगाने ऐकतात, तिथे भावपूर्ण चढउतार नुसते त्रास देतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फाईल ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवा.

टंकाळ
दोघांचं बरोबर आहे, पण चौथा पर्याय राहिला आणि तुमच्या गुणांना तोच जास्त जुळतो: अंध विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयीन नोट्स युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला अक्षरं ओळखता येतील अशा रूपात, आणणं. मराठी नोट्स अजूनही श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये किंवा झेरॉक्सच्या फोटोंच्या पीडीएफमध्ये फिरतात. एनव्हीडीएसारख्या स्क्रीनरीडरला (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या प्रणालीला) त्यातलं पहिलं म्हणजे निरर्थक अक्षरांची भेळ, दुसरं म्हणजे कोरा कागद. युनिकोड मजकूर मिळाला तर विद्यार्थी हवा तो शब्द शोधू शकतो, परिच्छेद पुन्हा ऐकू शकतो, स्वतःच्या टिपणात उतरवू शकतो. ध्वनिमुद्रणात यातलं फार थोडं जमतं.

फाँट बदलणारी साधनं मोफत मिळतात, पण पहिली वेलांटी आणि रफार भलत्याच अक्षराला चिकटतात, आणि मधले इंग्रजी शब्द पार बिघडतात. त्यामुळे आधी इंग्रजी भाग बाजूला काढा, मग रूपांतर करा, मग मूळ छापील प्रतीशी ताडून वाचा. शीर्षकं नुसती ठळक करू नका, वर्डमधली ‘हेडिंग’ शैली लावा, त्यावरूनच स्क्रीनरीडर प्रकरणागणिक उडी मारतो. आकृती असेल तिथे तिचं दोन-तीन ओळींत वर्णन लिहा.

दहा पानं झाली की ती विद्यार्थ्याला देऊन बघा, मग पुढचं करा. शंभर पानं एकदम देणाऱ्याला एकच चूक शंभर ठिकाणी दुरुस्त करावी लागते.

पुस्तकवेडा_नाशिक
टंकाळ यांचा पर्याय घेतो, मधल्या वेळात विकिस्रोत. एक शंका: ‘सुऱ्या’, ‘दुसऱ्या’मधला अर्धा र नेमका कसा टंकायचा? माझ्याकडे ‘दुसर्‍या’ असंही दिसतं आणि डोळ्याला दोन्ही सारखंच.

टंकाळ
इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून ‘जे’ची कळ, मग ‘डी’च्या कळीवरचा हलन्त, मग य. साध्या र पुढे अदृश्य जोडचिन्ह घालूनही तसंच दिसतं, पण संगणकाला तो वेगळा शब्द वाटतो आणि शोध चुकतो. जुन्या फाईलमध्ये असे शब्द असतील तर ‘फाइंड-रिप्लेस’ने एकदाच बदलून घ्या, मात्र ‘सूर्य’, ‘कार्य’ला हात लागणार नाही हे बघा. तिथे रफारच हवा.