शब्दचर्चा : ‘चार्ज’ला मराठीत काय म्हणायचं?

ऐरोली :
ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रासायनिक कारखान्यांच्या इंग्रजी सूचना मराठीत आणताना ‘चार्ज’ पानोपानी भेटतो. कोशात आकार, आरोप, प्रभार, कार्यभार, हल्ला अशी रांगच आहे. त्यातला कोणता घ्यायचा, हे ठरवायची काही खूण आहे का? अडलेलं वाक्य असं : ‘पावडर चार्ज करताना स्टॅटिक चार्ज तयार होऊ शकतो.’

नौपाडा :
खूण शेजारच्या शब्दात सापडते. क्रियापद असेल तर आधी त्यामागून येणारं शब्दयोगी बघा. ‘फॉर’ आला की पैसे घेणं. ‘अ‍ॅट’ आला की अंगावर धावून जाणं. ‘टू’ आला की खर्च कुणाच्या तरी खात्यावर टाकणं. ‘विथ’ फसवा आहे, तिथे दोन वाटा फुटतात. पुढे गुन्ह्याचं नाव असेल तर आरोप, काम असेल तर सोपवलेली जबाबदारी. ‘समितीवर नियमांच्या अंमलबजावणीचा आरोप आहे’ असली यांत्रिक भाषांतरं इथेच जन्मतात. मुळात अंमलबजावणीचं काम समितीकडे दिलंय, एवढंच म्हणायचं असतं.

‘इन चार्ज ऑफ’ आणि ‘इन द चार्ज ऑफ’ यांतही गल्लत होते. पहिल्यात कर्ता सांभाळणारा असतो, दुसऱ्यात कर्त्यालाच कुणीतरी सांभाळत असतं. मधला ‘द’ नजरेतून सुटला की नर्सने मुलाला सांभाळायच्या ऐवजी मूलच नर्सला सांभाळू लागतं.

रबाळे :
तुमच्या वाक्यातले दोन चार्ज वेगळे आहेत. पहिला म्हणजे रिअ‍ॅक्टरमध्ये, म्हणजे रासायनिक क्रिया घडवायच्या भांड्यात, माल टाकणं. प्लँटमध्ये सगळे ‘मटेरियल चार्ज केलं’ असंच बोलतात. लेखी सूचनेत ‘टाकणे’ किंवा ‘भरणे’ लिहा. दुसरा विजेचा, त्याला पाठ्यपुस्तकांत ‘प्रभार’ रूढ आहे. तेव्हा वाक्य असं करा : ‘पावडर टाकताना स्थिर विद्युतप्रभार साचू शकतो.’ ‘तयार होऊ शकतो’पेक्षा ‘साचू शकतो’ चांगलं, कारण खरा धोका साचण्यातच आहे. पावडर पिशवीतून घसरताना घर्षणाने प्रभार येतो. पिशवी प्लास्टिकची असेल किंवा ड्रमला अर्थिंग नसेल, तर तो जमिनीत उतरायला वाट मिळत नाही. आत टोल्युइनसारखं ज्वलनशील सॉल्व्हंट असलं की एक ठिणगी पुरे. म्हणूनच माल टाकण्याआधी अर्थिंगची क्लिप लावायची आणि भांड्यातली हवा नायट्रोजनने बाहेर काढायची, असं त्या सूचनेत पुढे येतं. अशा ठिकाणी ‘पावडर प्रभारित करताना’ लिहिलं गेलं तर कामगाराला काहीच कळणार नाही, आणि ही सूचना त्याला पहिल्या वाचनात कळलीच पाहिजे.

बॅच शीटवर, म्हणजे एका खेपेच्या उत्पादनाच्या पत्रकावर, ‘चार्ज : 200 किलो’ असेल तर ते नाम आहे, एका वेळी टाकायचा माल. एसीच्या पाटीवर रेफ्रिजरंटच्या नावापुढे चार्ज म्हणून जो आकडा असतो, तोही आत भरलेल्या गॅसचं वजन.

नौपाडा :
ही रबाळेकरांची ‘भरणे’ छटाच सगळ्यात जुन्या अर्थाच्या जवळची. लॅटिनमध्ये ‘कार्रुस’ म्हणजे गाडा. त्यावरून ‘कार्रिकारे’, म्हणजे गाड्यावर ओझं लादणं. तिथून जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत ‘चार्ज’ आला. कार, कॅरी आणि कार्गो त्याच कुळातले. मग माणसावर काम लादलं तो कार्यभार, दोष लादला तो आरोप, खात्यावर रक्कम लादली तो आकार. बंदुकीत दारू ठासणं हाही चार्जच. 18व्या शतकात विजेचे प्रयोग करणाऱ्यांनी काचेच्या बरणीत वीज ‘भरली’, तेव्हा हाच शब्द उचलला. मराठीतही पदभार, कार्यभार, अधिभार, प्रभार यांत ‘भार’ आहेच. नवा संदर्भ पुढे आला की ‘इथे कुणावर काय लादलंय?’ असं विचारून बघा, बहुतेक वेळा वाट सापडते.

वाशी :
पैशाच्या बाबतीत तेवढ्यावर भागत नाही, रूढ शब्दच पाळावा लागतो. महावितरणच्या बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार हे सगळे ‘चार्जेस’. त्याच बिलातलं ‘वीज शुल्क’ म्हणजे ‘ड्यूटी’, ते राज्य सरकारला जातं. म्हणून वीजबिलाबद्दल लिहिताना ‘चार्ज’ला शुल्क म्हणू नका, रकमा आणि त्यांचे धनी बदलतात. बिलावरचा ‘मंजूर भार’ तर तिसराच, तो ‘लोड’ आणि किलोवॅटमध्ये. गृहनिर्माण सोसायटीत मात्र उलट, तिथे सेवा शुल्क, बिनभोगवटा शुल्क असंच रूढ आहे. फ्लॅट भाड्याने दिला की लागणारं बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. त्यामुळे सोसायटीच्या नोटिशीत ‘सर्व्हिस चार्जेस’चं ‘एकूण मासिक देणी’ झालं तर हिशेबच चुकतो.

कोर्ट नाका :
कायद्याच्या मजकुरात तीन पायऱ्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. एफआयआर म्हणजे गुन्हा दाखल होणं. तपास संपल्यावर पोलीस न्यायालयात देतात ते दोषारोपपत्र, वर्तमानपत्रांच्या भाषेत आरोपपत्र. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 173 खाली असे, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 193 खाली. त्यानंतर न्यायालय आरोप निश्चित करतं, तो आपल्याकडचा खरा ‘चार्ज’. लंडनच्या बातमीतला ‘चार्ज्ड’ या चौकटीत नेमका बसत नाही, कारण तिथे खटल्याआधीच पोलीस रीतसर आरोप ठेवतात. तिथे ‘आरोप ठेवला’ लिहा. ‘गुन्हा दाखल’ कमी पडतं आणि ‘आरोप निश्चित’ जास्त होतं.

बँकेचा जमिनीवरचा ‘चार्ज’ सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात ‘बोजा’ म्हणून चढतो. तिथे दुसरा शब्द घालू नये, तलाठी कार्यालयात हाच चालतो.

ऐरोली :
वाक्य सुटलं, आभार. फोर्कलिफ्टच्या बॅटरीच्या सूचना राहिल्यात. ‘बॅटरी प्रभारित करा’ चालेल?

रबाळे :
नको. चार्ज झालेल्या बॅटरीवर एकूण प्रभार वाढलेला नसतो, आत रासायनिक ऊर्जा साठलेली असते. ‘बॅटरी चार्ज करा’ हेच ठेवा, तो शब्द मराठीच झालाय. आणि त्याच पानावर ‘चार्जिंगची जागा हवेशीर ठेवा’ हे ठळक घ्या. लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो.