तिरका धरलेला चौरस मुलांना ‘शंकरपाळी’ वाटतो. आकारांची ओळख कशी करून द्यावी?

बालवर्ग_ताई (प्रश्न)

नमस्कार. मी गेली सहा वर्षे बालवर्गाला शिकवते. सध्या वर्गात चार ते सहा वर्षांची बावीस मुले आहेत. वर्तुळ, त्रिकोण, चौरस आणि आयत यांचा रंगीत तक्ता भिंतीवर लावलेला आहे आणि त्यावर पट्टी ठेवली की सगळी मुले खणखणीत आवाजात नावे सांगतात. त्यामुळे हा भाग मुलांना चांगला समजला आहे, असेच मी आजवर मानत आले होते.

गेल्या आठवड्यात पुठ्ठ्याचा निळा चौरस हातात असताना मी तो सहज कोपऱ्यावर उभा धरला, तर जवळजवळ सगळा वर्ग ‘शंकरपाळी’ म्हणून ओरडला. तोच तुकडा सरळ केला की ‘चौरस’, पुन्हा फिरवला की ‘शंकरपाळी’. टोक खाली केलेला त्रिकोण पाहून एक मुलगी म्हणाली, ‘ताई, हा पडला.’ लांबट, निमुळत्या त्रिकोणाला तर कोणीच त्रिकोण मानायला तयार होईना. मुलांना आकार समजलेले नसून तक्त्यावरची चित्रे तेवढी पाठ झालेली आहेत, हे त्या दिवशी माझ्या ध्यानात आले आणि मनाला फार लागले.

माझे दोन प्रश्न आहेत. या वयात ही चूक दुरुस्त करावी की ती आपोआप जाईल? आणि घरी सर्वत्र ‘गोल’ म्हणत असताना आपण वर्गात ‘वर्तुळ’ या शब्दाचा आग्रह धरावा का?

निवृत्त_शिक्षिका

ताई, आपल्या मुलांनी काहीही जगावेगळे केलेले नाही. व्हॅन हिले या डच शिक्षक दांपत्याने 1957 साली मुलांच्या भूमितीच्या आकलनाच्या पायऱ्या मांडल्या. त्यांतल्या पहिल्या पायरीवर मूल आकार अखंड, एखाद्या चेहऱ्यासारखा ओळखते. बाजू, कोपरे वगैरे त्याच्या लेखी अजून नसतातच. दाराच्या चौकटीसारखे दिसते म्हणून ते आयत आणि शंकरपाळीसारखे दिसते म्हणून ती शंकरपाळी. मात्र पुढच्या पायरीवर जाणे हे वयापेक्षा मिळालेल्या अनुभवांवर अधिक अवलंबून असते, असे त्यांचे म्हणणे होते आणि माझा अनुभवही तोच आहे. म्हणून ‘आपोआप जाईल’ यावर विसंबू नये.

माझ्या मते दोष मुलांचा नसून तक्त्याचा आहे. तक्त्यावरचा त्रिकोण नेहमी आडव्या बाजूवर बसलेला आणि तिन्ही बाजू सारख्या असलेला असतो. वर्षभर तोच एक पाहिल्यावर मुलाने दुसरा का मान्य करावा? मी तक्ता काढून ठेवला आणि जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यांतून पंचवीस-तीस त्रिकोण कापले: बुटके, उंच, निमुळते, काटकोन असलेले. त्यांत मुद्दाम काही खोटे त्रिकोणही मिसळले, म्हणजे एक बाजू फुगलेला, एक टोक गोलसर केलेला, आणि तिसरे टोक छाटल्यामुळे चौकोन झालेला. मुलांनी एकेक तुकडा उचलायचा, कडेवरून बोट फिरवायचे आणि जिथे टोक बोटाला टोचेल तिथे मोठ्याने मोजायचे. मॉंटेसरी पद्धतीत लाकडी आकारांच्या कडेवरून बोटे फिरवायला लावतात, ती याचसाठी. डोळ्यांना जे दिसत नाही ते बोटाला लगेच कळते.

आपली मराठी नावे इथे फार उपयोगी पडतात. त्रिकोण म्हणजे तीन कोन, चौकोन म्हणजे चार; आकाराच्या नावातच मोजायचे काय ते सांगितलेले आहे. पण नाव शेवटी सांगावे. मुलांनी मोजून, वेगळे करून दोन ढीग लावले की मग ‘या ढिगाला आपण त्रिकोण म्हणतो’ एवढेच म्हणावे.

दुसऱ्या प्रश्नाविषयी: ‘गोल’ म्हणणाऱ्या मुलाला टोकू नये, परंतु आपण स्वतः ‘वर्तुळ’ म्हणावे. पुढे पाठ्यपुस्तकात ‘गोल’ हा शब्द चेंडूसारख्या घनाकृतीसाठी येतो, तेव्हा बांगडी आणि चेंडू या दोहोंना एकच शब्द वापरण्याची सवय आडवी येते.

दोन_मुलांची_आई

वरच्या प्रतिसादातील ‘खोटा त्रिकोण’ वाचून आमच्या स्वयंपाकघरातला प्रसंग आठवला. घडीची पोळी करताना मी छोटी पोळी लाटते, तेल लावून ती अर्धी दुमडते, पुन्हा दुमडते आणि त्या घडीला आम्ही सगळेच ‘त्रिकोण’ म्हणतो. माझ्या पाच वर्षांच्या मुलाने एकदा त्या घडीवरून बोट फिरवले आणि तो म्हणाला, ‘आई, ही बाजू वाकडी आहे.’ खरोखरच दोन बाजू सरळ आणि तिसरी वर्तुळाच्या कडेचा तुकडा! इतकी वर्षे पोळ्या लाटूनही माझ्या ते लक्षात आले नव्हते. त्या दिवशी आम्ही ती घडी उलगडून पुन्हा वर्तुळ केले, अर्धे केले, पाव केले. पोळी लाटायला उशीर झाला, पण त्याने ते तीन वेळा करून पाहिले.

घरी आणखी एक खेळ आम्ही करतो. काडेपेटीच्या एकेका बाजूला रंग लावून कागदावर ठसे उमटवायचे. एकाच काडेपेटीतून तीन निरनिराळे आयत निघतात, बाटलीच्या झाकणातून वर्तुळ निघते. हातात धरता येणारी वस्तू वेगळी आणि कागदावर उमटलेला सपाट आकार वेगळा, हे मुलांना त्यातून न सांगताही समजते.

डहाणूकर

आमच्या पालघर जिल्ह्यातील बालवाड्यांना तर उलटा त्रिकोण घराच्या भिंतीवरच मिळतो. वारली चित्रातील माणूस दोन त्रिकोणांचा बनतो: वरचा टोक खाली केलेला, खालचा टोक वर केलेला, आणि दोघांची टोके कमरेशी जुळलेली. वरचा त्रिकोण ‘पडला’ असे कोणतेही मूल म्हणत नाही, कारण तिथे तो माणसाची छाती आणि खांदे झालेला असतो. पुठ्ठ्याचे दोन त्रिकोण देऊन मुलांना माणूस मांडायला सांगावे. मग तो वाकवावा, नाचवावा. त्रिकोण फिरतात आणि तरीही त्रिकोणच राहतात.

एका बाबतीत मात्र सावधगिरी बाळगावी. ‘चौरस हाही एक आयतच असतो’ हे विधान खरे असले, तरी बालवर्गात सांगू नये; ती बरीच पुढची पायरी आहे. ‘चौरस म्हणजे आयत नव्हे’ असे मात्र चुकूनही शिकवू नये, कारण ते पुढे पुसून काढणे अवघड जाते.

बालवर्ग_ताई

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. तक्ता मी काल उतरवला. आज निळा चौरस फळ्यावर एका टाचणीने मधोमध अडकवला आणि मुलांना एकेक करून तो हळूहळू फिरवायला सांगितले. कोपऱ्यावर आल्यावर निम्मी मुले अजूनही ‘शंकरपाळी’च म्हणाली. परंतु एका मुलाने तो तिथेच थांबवला, मान वाकडी करून पाहिले, चारही टोकांना बोट लावून मोजले आणि सांगितले, ‘ताई, चौरसच आहे. पतंगासारखा उभा राहिलाय.’ उद्या चौरस कागदाचे पतंग करायचे ठरवले आहे. त्रिकोणांसाठी जुन्या लग्नपत्रिका आणायला पालकांना सांगितले आहे.