अनुभव धागा : ग्रुप प्रोजेक्टचं वेळापत्रक नेमकं कुठे बोंबलतं?

भाची यंदा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. चौघांचा ग्रुप, भिंतीवर रंगीत गँट चार्ट (कुठलं काम कधी, याचा तक्ता), आणि ऑक्टोबर उजाडला तरी काम ऑगस्टच्याच चौकोनात. 'आळशी कार्टी' हे ऐकून ती विटलीय. मुंबईत शिकलेल्यांनो, तुमचं घोडं कुठे अडलं आणि पुढे काय केलंत? उपदेश नकोत, किस्से टाका.

हार्बरवाली : आमच्यात एक विरारची, एक बदलापूरचा, मी पनवेलची. भेटायचं दादरला आणि तेही रविवारी, म्हणजे मेगाब्लॉक ठरलेलाच. मी कुर्ल्याला गाडी बदलून पोचेपर्यंत विरारवालीचा दुसरा वडापाव संपलेला. अकराची मीटिंग साडेबाराला सुरू, आणि तीन वाजले की बदलापूरवाला इंडिकेटर असल्यासारखं घड्याळ बघायचा. शेवटी रविवार सोडला. बुधवारी लेक्चर संपलं की कँटीनमध्ये तासभर, बस्स. त्या तासाला सगळे हजर असायचे.

सोल्डरगन : आमच्या चार्टवर 'सर्किट जोडणी : ३ दिवस' असं झोकात लिहिलं होतं. सामान आणायला लॅमिंग्टन रोडला कोण, कधी जाणार, हे कुठेच नव्हतं. त्यात वायफायचं ईएसपी८२६६ मॉड्यूल चालतं ३.३ व्होल्टवर, आणि पार्टनरने घाईत दिले थेट ५. बोट लावलं तर चटका बसला, मॉड्यूल खलास. शनिवारची रात्र, रविवारी बहुतेक दुकानं बंद. कोड लिहून तयार, पण चालवून बघणार कशावर? एकाचं काम अडलं की तिघं बसून. पुढे प्रत्येक पार्ट दोन-दोन आणायला लागलो. एक मॉड्यूल अजून कोरं पडलंय, भाचीला हवं तर सांगा.

मानसशास्त्रवाली : आळसाचं म्हणाल, तर १९९४चा एक अभ्यास आहे, बुहलर, ग्रिफिन आणि रॉस यांचा. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवस लागतील? सरासरी उत्तर ३४. सगळंच बिनसलं तर? ४९. प्रत्यक्षात लागले ५५च्या वर! आणि ते एकेकट्याचे प्रबंध. इथे तर चौघांचे अंदाज एकमेकांवर रचलेले.

गिरगावकर : मास मीडियाला होतो. आमचा एडिटर मंडळाचा कार्यकर्ता. गणपतीचे दहा दिवस तो नाही हे सगळ्यांना माहीत होतं, पण आधीचे पंधरा दिवसही तो मंडपातच, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. पुढच्या सेमला आधी प्रत्येकाचे न जमणारे दिवस कॅलेंडरवर खोडले, उरलेल्यात काम बसवलं.

खडूवाला : मी शिकवतो. मुलं लॉगबुक घेऊन येतात तेव्हा महिनाभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच अक्षरात. कळतं हो आम्हाला! ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा बाइंड केलेला रिपोर्ट, मात्र शेवटावर ठेवू नका. बाइंडिंगवाल्याकडे सगळी कॉलेजं एकदमच येऊन धडकतात. आणि प्लेसमेंट सुरू झालं की दोघं गायब होणार, हे धरूनच चला.

धागाकर्ती : खडूवाले सर, एक जण सुरुवातीपासूनच काही करत नाही, त्याचं काय?

खडूवाला : लॉगबुकात प्रत्येक कामापुढे नाव लिहा आणि दर आठवड्याला गाइडची सही घ्या. मी एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचा परीक्षक म्हणून जातो तेव्हा ज्याच्या नावापुढे जे लिहिलंय, त्यालाच ते विचारतो.