टेक्सासच्या रिओ ग्रांदे खोऱ्यात लैंगिक आरोग्याचे दवाखाने वाढवावेत की नाहीत?

मीनल (ह्यूस्टन):
मेक्सिकोच्या सीमेला लागून असलेल्या या खोऱ्यातल्या मॅकॅलन–ब्राउन्सव्हिल पट्ट्यात दहापैकी जवळपास नऊ रहिवासी हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक देशांतून आलेल्या वंशाचे आहेत. टेक्सासच्या विधिमंडळाने २०११ मध्ये कुटुंबनियोजनाची द्वैवार्षिक तरतूद ११ कोटी डॉलरांवरून ४ कोटींच्या खाली आणली आणि पुढच्या काही वर्षांत राज्यातले ऐंशीच्या आसपास दवाखाने बंद पडले किंवा त्यांनी ही सेवा थांबवली. पैसे नंतर बऱ्याच अंशी परत आले. परंतु एकदा कुलूप लागलेला दवाखाना केवळ अनुदान आले म्हणून उघडत नाही, कारण तोवर परिचारिका दुसरीकडे रुजू झालेली असते आणि रुग्णांची सवय मोडलेली असते. अमेरिकेच्या लोकसंख्येत हिस्पॅनिकांचा वाटा सुमारे १९ टक्के आहे, तर नव्या एचआयव्ही संसर्गांत जवळपास एक तृतीयांश. प्रतिबंधक गोळीला २०१२ मध्येच मान्यता मिळूनही ही स्थिती आहे. म्हणून संध्याकाळी आणि शनिवारी उघडे असणारे, स्पॅनिश बोलणारे कर्मचारी असलेले दवाखाने आणि फिरती तपासणी गाडी यांवर सार्वजनिक पैसा खर्च व्हावा, असे माझे मत आहे. ज्यांना हे पटत नाही, त्यांनी अवश्य लिहावे.

अनिरुद्ध (प्लेनो):
मला पटत नाही. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नसल्यामुळे स्थानिक आरोग्यसेवेचा मोठा भार मालमत्ता कराच्या माथी येतो, आणि याच खोऱ्यातल्या हिडाल्गो काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) मतदारांनी रुग्णालयांसाठी वेगळा कर-जिल्हा स्थापण्याचा प्रस्ताव २०१४ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये फेटाळला आहे. तिथले बहुसंख्य मतदार हिस्पॅनिकच आहेत. जो खर्च स्थानिकांनीच नाकारला, तो आपण ह्यूस्टन-डॅलसमध्ये बसून त्यांच्यासाठी का मागावा? शिवाय कागदपत्रे नसलेल्या गरोदर स्त्रीसाठीही राज्याची ‘चिप पेरिनेटल’ योजना आहे, त्यामुळे "काहीच सोय नाही" हे चित्र अतिरंजित वाटते. त्या भागात मधुमेहाने पाय गमावणारी माणसे घरोघरी आहेत. मर्यादित पैशांत पहिला हक्क कोणाचा, हे आधी ठरवले पाहिजे.

केतकी (एडिनबर्ग, टेक्सास):
मी याच भागात परिचारिका आहे. योजना आहे हे खरे, पण ती कुठे तोकडी पडते ते सांगते. गर्भवतीला जुना सिफिलिस, म्हणजे लैंगिक संबंधातून पसरणारा आणि पोटातल्या बाळालाही होणारा आजार, निघाला, की पेनिसिलिनची इंजेक्शने एकेका आठवड्याच्या अंतराने तीन वेळा द्यावी लागतात, आणि एक चुकले तर सगळा क्रम पहिल्यापासून. कांद्याच्या पॅकिंग शेडमध्ये तासावर काम करणाऱ्या बाईला सलग तीन आठवडे, तेही कामाच्या दिवशी, अर्ध्या दिवसाचा रोज बुडवून यायचे असते. तिला गाडी चालवता येत नसेल, तर नवऱ्याचाही रोज बुडतो. हे सगळे तिने निभावले, तरी ती योजना नवऱ्याला लागू नाही. त्याच्यावर उपचार झाले नाहीत तर तिला पुन्हा लागण होऊ शकते. पहिल्या प्रसूतिपूर्व भेटीत, तिसऱ्या तिमाहीत आणि प्रसूतीच्या वेळी अशी तीनदा तपासणी करण्याचे बंधन टेक्सासच्या कायद्याने घातले आहे. परंतु पहिली भेटच सातव्या महिन्यात झाली, तर कायदा काय करणार? देशात २०२२ मध्ये जन्मजात सिफिलिसची ३,७०० हून अधिक प्रकरणे नोंदली गेली, दहा वर्षांपूर्वीच्या दहापटीहून जास्त, आणि त्यांतली बहुतेक वेळेवर तपासणी व उपचारांनी टळली असती. मधुमेह महत्त्वाचा आहेच, पण हा आजार तीन इंजेक्शनांत बरा होतो.

डॉ. रा. के. (सॅन अँटोनियो):
सेवा वाढवण्याला माझा विरोध नाही, वेगळ्या पाटीला आहे. लहान गावात कोणाची पिकअप कोणत्या दारासमोर उभी होती, हे रविवारच्या चर्चमधल्या मिसेपर्यंत सर्वांना ठाऊक असते. मधुमेहाची गोळी घ्यायला माणूस जिथे जातो, त्याच सामुदायिक आरोग्य केंद्रात, त्याच रक्ताच्या नमुन्यातून सिफिलिस आणि एचआयव्हीची तपासणी व्हावी; तिथे उत्पन्नाप्रमाणे शुल्क आकारण्याची पद्धतही आधीपासून आहे. या समाजाचा अविश्वास निराधार नाही, हेही लक्षात घ्यावे. १९७० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या काउंटी रुग्णालयात मेक्सिकन वंशाच्या स्त्रियांवर, बाळंतपणाच्या कळा सुरू असताना इंग्रजी कागदांवर सह्या घेऊन, नसबंदी करण्यात आली, आणि १९७८ मध्ये त्या न्यायालयात हरल्या. त्यानंतर केवळ प्रजननाशी जोडलेली सरकारी इमारत समोर उभी केली, तर आजीच नातीला तिथे जाऊ नको म्हणेल.

मीनल:
डॉक्टरांचा मुद्दा मला बराचसा मान्य आहे, पण संपूर्ण नाही. आरोग्य केंद्रातला डॉक्टर एका रुग्णाला जेमतेम पंधरा मिनिटे देतो, आणि लैंगिक इतिहास विचारण्याचा संकोच रुग्णाइतकाच त्यालाही असतो. समलैंगिक तरुण तर ज्या डॉक्टरकडे आपली आई जाते, त्याच्यासमोर तोंडही उघडणार नाही. दुसरे असे, की जुलै २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य खात्याने ही केंद्रे आणि कुटुंबनियोजनाचे ‘टायटल टेन’ अनुदान, दोन्ही स्थलांतरितांवर निर्बंध असलेल्या सार्वजनिक लाभांमध्ये गणली. ज्या राज्यांनी दावा लावला, त्यांना न्यायालयाकडून स्थगिती मिळाली. टेक्सास त्यांत नाही. अशा वेळी पाटीपेक्षा दारात कोण उभे आहे याला महत्त्व येते. वस्तीतल्याच प्रशिक्षित बाया, ज्यांना तिकडे प्रोमोतोरा म्हणतात, शनिवारच्या ‘पुल्गा’ बाजारात गाडीजवळ थांबून बोलतात, तेव्हा निदान माणूस थांबतो. माझ्या मते पहिला डॉलर त्यांच्या पगारावर खर्च व्हावा.

अनिरुद्ध:
प्रोमोतोरांच्या पगाराला माझी हरकत नाही, तो इमारतीपेक्षा स्वस्त आहे. पण तीन वर्षांचे अनुदान संपल्यावर तो कोण देणार? २०११ चे उदाहरण तुम्हीच दिले आहे. काउंटीने मतपेटीतून हो म्हटल्याशिवाय हे टिकणार नाही, या मतावर मी ठाम आहे.

केतकी:
ज्यांना या सेवेची सर्वाधिक गरज आहे, त्यांतल्या अनेकांची नावे मतदारयादीत नाहीत, त्यामुळे मतपेटीत त्यांची बाजू कधी मोजलीच जात नाही. आणि खर्च टळतो असेही नाही. सिफिलिससह जन्मलेल्या बाळाला दहा दिवस रुग्णालयात ठेवून शिरेतून पेनिसिलिन द्यावे लागते, आणि ते बिल बहुतेक वेळा मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेकडेच जाते.