ताईचं पहिलं पॉप गाणं : आवाज तिचाच ठेवायचा का, आणि व्हिडिओ कोल्हापुरातच काढायचा का?

रंकाळ्याचा_पोरगा

नमस्कार मंडळी. माझी ताई मराठी मालिकांमधे काम करते, नाव लिहीत नाही कारण गाणं अजून जाहीर झालेलं नाही. तिचं पहिलं पॉप सिंगल, म्हणजे सुटं एकच गाणं, करायचं ठरलंय, मराठीच, साडेतीन मिनिटांच्या आसपास, चाल आणि शब्द तयार आहेत आणि ती स्वतःच गाणार आहे. लहानपणी देवल क्लबात गाणं शिकलेली आहे पण नंतर सुटलं.

आता झालंय असं की पैसे घालणारे म्हणतात आवाज मशीनवर सरळ करून घेऊ, लोक गाणं बघतात, ऐकतंय कोण, त्यामुळं सगळा पैसा व्हिडिओवर घाला आणि शूट बाहेरच कुठंतरी करा. बाबा म्हणतात नटीनं नटीचं काम करावं, गायला गायिका आहेत की. आणि ताईला हवंय स्वतःच्या आवाजात आणि इथंच, कोल्हापुरात. ती हे सगळं फार मनापासून करालीय आणि लोक हसतील म्हणून तिनं मागं सरू नये असं मला वाटतं. ज्यांना यातलं कळतं त्यांनी सांगा, पैसा आवाजावर घालायचा की व्हिडिओवर? आणि इथं शूट करायचं तर कुठं आणि कसं?

मिरजेची_तार

भावा, आधी पट्टी, म्हणजे गाणं किती उंच किंवा खालच्या सुरात धरायचं ते. बाकी सगळं नंतर. मी रेकॉर्डिंगचं काम करतो आणि पहिल्यांदा गाणाऱ्यांचं नुकसान सगळ्यात जास्त इथंच होतं. संगीतकार बरेचदा स्वतःच्या गळ्याला सोयीच्या पट्टीत चाल बांधतो, ट्रॅकही त्याच पट्टीत प्रोग्रॅम होतो आणि मग गाणारी येऊन मुखड्यात खाली गुदमरते नाहीतर अंतऱ्यात ओरडते आणि लोक म्हणतात हिला गाता येत नाही. ताईला नुसत्या पेटीवर अख्खं गाणं तीन-चार पट्ट्यांत गाऊ दे, मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ताज्या कानानं ऐका. ज्या पट्टीत शब्द बोलल्यासारखे कळतात ती तिची पट्टी. गिटार, बासरी असं काही खरं वाजवून घेणार असाल तर ते त्यानंतरच, मागाहून पट्टी सरकवली की वाद्याचा आवाज बिघडतो.

आता मशीनचं. ऑटो-ट्यून हे सूर सरळ करणारं सॉफ्टवेअर १९९७ साली आलं, पुढच्याच वर्षी शेर या गायिकेच्या ‘बिलीव्ह’मधे ते मुद्दाम ऐकू येईल असं वापरलं आणि जगाला माहीत झालं. आज मोठ्या मोठ्या गायकांचे सूरसुद्धा थोडेफार सरळ केलेले असतात, त्यात कमीपणा काही नाही. पण क्रम पाळा. आधी भरपूर टेक घ्या, म्हणजे तीच ओळ परत परत गाऊन रेकॉर्ड करा, मग प्रत्येक ओळीचा चांगला टेक निवडून जोडा आणि मग जिथं सूर खरंच खटकतो तिथंच हात लावा. आपल्या चालींत मींड असते, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं असतं, आणि मशीन जोरात लावलं की ते त्या मींडीला चूक समजतं आणि मधे पायऱ्या पाडतं. मराठी कानाला ते लगेच कळतं, का खटकलं ते सांगता येत नाही पण गाणं परकं वाटायला लागतं. ओळ सुरू होण्याआधीचा श्वाससुद्धा कापू देऊ नका, तो असला की समोर माणूस गातंय असं वाटतं.

नटीकडे एक गोष्ट आयती असते, डबिंगमुळं माइकची भीती नसते. फक्त डबिंगमधे पडद्यावरच्या ओठांवर लक्ष असतं आणि इथं कानातल्या क्लिकवर, म्हणजे तालाच्या टिकटिकीवर, राहायचंय, तेवढी सवय स्टुडिओत जायच्या आधी घरी करून घ्या, स्टुडिओचे तास महाग असतात.

पॉपवेडी_राजारामपुरी

मला प्रियांका चोप्राचं उदाहरण द्यायचंय कारण हा सगळा वाद तिच्या वेळी झालेला आहे. तिचं पहिलं सिंगल ‘इन माय सिटी’, विल.आय.ॲम या अमेरिकन गायकाबरोबरचं, सप्टेंबर २०१२ मधे अमेरिकेत लोकांनी पहिल्यांदा ऐकलं ते एनएफएल या तिथल्या फुटबॉल लीगच्या गुरुवारच्या सामन्यांच्या कार्यक्रमात. म्हणजे केवढा मोठा प्लॅटफॉर्म बघा. आणि त्यावर तिला वर्णद्वेषी शिव्या आल्या, हे तिनं नंतर मुलाखतींत सांगितलंय. पुढच्या वर्षी जुलैत पिटबुल या रॅपरबरोबरचं ‘एक्झॉटिक’ आलं, मायामीत शूट झालेला व्हिडिओ, समुद्र, बोट, चकाचक सगळं. पण त्या इंग्रजी गाण्यात मधेच हिंदी ओळी येतात ना, मला ते गाणं म्हटलं की त्याच आठवतात, व्हिडिओतलं निम्मं विसरलेय.

आणि खरं सांगू का, तिचं मला सगळ्यात आवडलेलं गाणं मराठीच आहे. २०१६ सालच्या ‘व्हेंटिलेटर’मधलं ‘बाबा’. सिनेमा तिच्याच कंपनीचा, दिग्दर्शन राजेश मापुसकरांचं. गाणं संथ आहे, आवाज अगदी जवळून आल्यासारखा, कुठंही आपण किती भारी गातो हे दाखवायची धडपड नाही. आमच्या घरी आई ते ऐकून रडली होती आणि तिला गाणारी कोण आहे हे माहीतही नव्हतं. म्हणून मला वाटतं ताईनं गायिकांशी स्पर्धा करायलाच जाऊ नये, अवघड ताना नि वरचे सूर सोडून द्यावेत, तिला ओळीचा अर्थ बोलायला येतो, ते तिचं रोजचं काम आहे, चाल त्याच्याभोवती बांधून घ्या. रंकाळ्याचा_पोरगा, व्हिडिओ बघायला लोक एकदा येतात, परत लावतात ते गाण्यासाठी. पैसा आधी आवाजावर.

जुना_पडदा

तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा आणि त्यांच्याशी मला जरा बोलायचंय असं समजा. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली आपल्या कोल्हापुरात सुरू झाली, पुण्याला गेली १९३३ साली. १९३२ सालचा ‘अयोध्येचा राजा’ इथलाच. हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे, संगीतही त्यांचंच, आणि तारामतीच्या भूमिकेत दुर्गा खोटे. त्या वेळी पार्श्वगायन नव्हतं हो, आपल्याकडं सिनेमात ते १९३५ मधे आलं. त्याआधी जी नटी पडद्यावर दिसायची तीच कॅमेऱ्यासमोर अभिनय करता करता गायची, वादक चौकटीबाहेर बसायचे. दुर्गाबाई काही बैठकीच्या गवयी नव्हत्या, तरी त्या गायल्या आणि लोकांनी ऐकलं.

प्रभातच्याच ‘कुंकू’मधे, १९३७ साली, शांता आपटे यांनी लाँगफेलो या अमेरिकन कवीची कविता इंग्रजीत गायलीय, म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली नीरा ताठ मानेनं ते गाते. मराठी नटी, मराठी सिनेमा आणि इंग्रजी गाणं! तेव्हा नटीनं गाऊ नये ही रीत आपली नाहीच, ती पार्श्वगायन रुळल्यावर आलेली सवय आहे. वडिलांना ‘कुंकू’ दाखवा, त्यांचं वय माझ्यासारखं असेल तर ते शेवटपर्यंत उठणार नाहीत.

कॅमेरा_मोरेवाडी

आता शूटचं बोलतो. कोल्हापुरात म्युझिक व्हिडिओ म्हटलं की ठुशी, साज, फेटा, चप्पल, तांबडा-पांढरा, कुस्तीची माती हे सगळं साडेतीन मिनिटांत कोंबतात. कृपा करून असलं करू नका. एक जागा घ्या, फार तर दोन. मला विचाराल तर गंगावेशीतला दूध कट्टा, रात्रीचा. म्हशी उभ्या, समोर धार काढून फेसाळतं दूध ग्लासात मिळतंय, पिवळे दिवे, लोक उभ्या उभ्या पितायत, आणि त्या गर्दीत ताई साध्या कपड्यात गात चाललीय. तिथल्या लोकांशी आधी जाऊन बोला, चार माणसं आपली म्हणून उभी राहिली की गर्दी सांभाळली जाते.

रंकाळा हवा असेल तर पहाटे. संध्याकाळी चौपाटीला भेळेच्या गाड्या आणि गर्दी, त्यात ओळखीचा चेहरा म्हटल्यावर सेल्फीवालेच पिच्छा पुरवतील. पन्हाळा पुरातत्त्व खात्याकडं आहे आणि २०२५ मधे युनेस्कोच्या यादीतही आलाय, तिथं परवानगीशिवाय कॅमेरा लावायचा विचार करू नका आणि अर्ज लवकर टाका. ड्रोन उडवणार असाल तर आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन वेबसाइटवरचा नकाशा बघा, उजळाईवाडीचा विमानतळ जवळ आहे, बराच भाग मोकळा नाही. इनडोअर काही लागलं तर चित्रनगरी आहेच.

लिपसिंकचं, म्हणजे वाजणाऱ्या गाण्याशी ओठ जुळवायचं, नीट ऐका. कॅमेऱ्यासमोर ताईनं नुसते ओठ हलवायचे नाहीत, मोठ्यानं गायचं, नाहीतर गळ्याच्या शिरा हलत नाहीत आणि खोटं दिसतं. स्लो मोशनमधे ओठ जुळवायचे असतील, समजा सेकंदाला २५ फ्रेमचा व्हिडिओ ५० फ्रेमवर शूट करताय, तर स्पीकरवर गाणं दुप्पट वेगानं लावायचं आणि तिनं त्या वेगानं गायचं, एडिटला ते निम्म्यावर आणलं की गाण्याशी बसतं. याची घरी आधी तालीम करा, दुप्पट वेगात मराठी जोडाक्षरं जिभेवर अडकतात.

कागदपत्र_बघा

वरच्यांनी सगळं सांगितलंय, मी फक्त कागदांचं. मालिका चालू असेल तर करार काढून वाचा, बाहेरचं काम करायला प्रॉडक्शनची किंवा चॅनेलची लेखी परवानगी लागते का ते बघा आणि लागत असेल तर रेकॉर्डिंगच्या आधी घ्या. गीतकार-संगीतकारांशी तोंडी काही ठेवू नका. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर त्यांचा रॉयल्टीचा हक्क कायद्यात आहे, ते नाकारून गाणं लिहून घेऊ नये आणि घेताही येत नाही. मास्टर, म्हणजे गाण्याचं मूळ रेकॉर्डिंग, कुणाच्या नावावर, ताईच्या की पैसे घालणाऱ्यांच्या, हे पहिल्या पानावर पाहिजे.

रंकाळ्याचा_पोरगा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. ताईनं सगळं वाचलं. पट्टीचं वाचून लगेच पेटी काढली, संगीतकारानं दिलेल्या पट्टीत अंतरा तिला खरंच वर जातोय, दोन सूर खाली घेतल्यावर शब्द स्वच्छ आले. पैसे घालणाऱ्यांना हे रेकॉर्डिंग पाठवतोय. कॅमेरा_मोरेवाडी, गंगावेशीत रात्री गाणं स्पीकरवर मोठ्यानं लावता येईल का? आजूबाजूला घरं आहेत.

कॅमेरा_मोरेवाडी

दहानंतर उघड्यावर स्पीकर लावायला बंदी आहे. कट्टा रात्री उशिरापर्यंत असतो म्हणून लोक तेव्हाच जातात, तुम्ही आठला सुरू करा आणि लिपसिंकचे शॉट आधी उरका. दहानंतर ताईच्या कानात छोटा इअरपीस, केस मोकळे ठेवले की दिसत नाही. तारीख ठरली की इथं लिहा, मी लाइट घेऊन येतो.