उत्तरायण: अर्थ काय, सुरू कधी, आणि ण की न?

पेठकरी: मुलीच्या निबंधात वाक्य आहे, 'उत्तरायण म्हणजे सूर्य उत्तरेला असण्याचा काळ, तो 14 जानेवारीला सुरू होतो.' बाईंनी बरोबरची खूण केलीय. खरंच बरोबर आहे का? आणि उत्तरायणाला ण, पण दक्षिणायनाला न, हे कसं?

गंगावेस: दोन्ही अर्धी चुकली. 'अयन' म्हणजे जाणं. सूर्य उत्तरेकडं सरकू लागला की उत्तरायण. उत्तरेत मुक्काम नव्हे. मार्चच्या 20-21 पर्यंत तो विषुववृत्ताच्या दक्षिणेलाच असतो. (सरकतो म्हणजे आपल्याला तसा दिसतो. फिरते ती कललेली पृथ्वी.)

तारखेसाठी लांब जायला नको, कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव बघा की, मावळतीची किरणं देवीपर्यंत पोचतात तो. 9, 10, 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारी. देऊळ पश्चिमाभिमुख. मावळतीची जागा पश्चिमेपासून दक्षिणेला साधारण 18 अंश सरकली की महाद्वाराकडून आलेली किरणं गाभाऱ्यात पोचतात. नोव्हेंबरात सूर्य तिथून दक्षिणेला जात असतो, फेब्रुवारीच्या तोंडाला परत येत असतो. 10 नोव्हेंबर ते 1 फेब्रुवारी, 83 दिवस. बरोबर मधे येतो 21-22 डिसेंबर. सूर्य तिथंच वळतो. 14 जानेवारीला वळत असता तर परतीचा किरणोत्सव 20 मार्चच्या आसपास झाला असता!

पेठकरी: नाद खुळा! मग तिळगूळ महिनाभर उशिरा वाटतोय म्हणा की.

तिथीवाला: तसं नाही हो. संक्रांत ही वेगळीच घटना आहे. सूर्य एका राशीतून दुसरीत जातो ती संक्रांत, वर्षात बारा. त्यातली मकरेची आपण साजरी करतो. सुमारे 1700 वर्षांपूर्वी ती आणि उत्तरायणाची सुरुवात एकाच सुमारास यायची. पण पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, एक फेरी जवळपास 26,000 वर्षांची. त्यामुळे दोन्हींत आता चोवीसेक दिवसांचं अंतर पडलंय. पंचांगातले 'सायन' आणि 'निरयन' शब्द त्यासाठीच: हे सरकणं धरून केलेली गणना सायन, सोडून केलेली निरयन. डिसेंबरच्या पानावर 'उत्तरायणारंभ' छापलेलं असतं, पण ते वाचतो कोण!

14 तारीखही पक्की नव्हे. विवेकानंद 12 जानेवारी 1863 ला जन्मले, तो संक्रांतीचाच दिवस होता. आता ती 14 नाहीतर 15 ला येते.

गंगावेस: राहिला ण. संस्कृतात र किंवा ष नंतर येणाऱ्या न चा ण होतो. मधे स्वर, य, व, ह, क-वर्ग किंवा प-वर्ग असला तरी चालतं. म्हणून रामायण, नारायण, उत्तरायण. 'दक्षिणायन'मध्ये क्ष मधला ष आहे खरा, पण त्याच्यापुढचा ण आडवा येतो आणि शेवटचा न तसाच राहतो. 'दक्षिणायण' लिहिलेलं दिसलं तर खुशाल खोडा.