लहान मनगट, रोजचा वापर: छोटं ऑटोमॅटिक घ्यावं की चावीचं?

निळी_सुई
रोज वापरायला एकच चांगलं मेकॅनिकल घड्याळ घ्यायचं आहे. मनगटाचा घेर 14.5 सेंमी, म्हणून गोल घड्याळ 30 मिमीच्या आतलंच हवं. सेलवर चालणारं अजिबात नको. यादीत तीन उरली आहेत: रोलेक्स लेडी-डेटजस्ट 28, ओमेगा कॉन्स्टेलेशन 29 आणि जेगर-लकूल्त्रचं रिव्हर्सो डुएटो, लहान आकारातलं.

काम बैठं, दिवसभर संगणकासमोर. तेवढ्या हालचालीवर छोटं ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं) पुरेसं भरतं का? आणि मशीन लहान असलं की वेळ जास्त चुकते असं म्हणतात, ते खरं का?

बॅलन्सव्हील
दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

हो, खरं आहे. घड्याळाची वेळ धरून ठेवतं ते बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे डोलणारं चाक, आणि ते आपली लय किती घट्ट धरेल हे त्याच्या जडत्वावर ठरतं. चाकाची सगळी मापं निम्मी केली तर वजन आठव्या भागावर येतं, पण जडत्व थेट बत्तिसाव्या भागावर. मग हाताचा धक्का, तेलाचा घट्टपणा, घड्याळ आडवं आहे की उभं, या सगळ्याचा परिणाम मोठ्या मशीनपेक्षा जास्त जाणवतो. क्रोनोमीटरच्या, म्हणजे अचूकतेचं प्रमाणपत्र मिळालेल्या घड्याळाच्या, मानकातही हे मान्य केलेलं आहे. सीओएससी या स्विस तपासणी संस्थेच्या 15 दिवसांच्या चाचणीत मशीन पाच स्थितींत आणि 8, 23, 38 अंश सेल्सिअस तापमानांत तपासतात. 20 मिमीपेक्षा मोठ्या मशीनला दिवसाला सरासरी −4 ते +6 सेकंदांची मुभा. 20 मिमी किंवा त्याहून लहान असेल तर −5 ते +8.

याच कारणासाठी लेडी-डेटजस्टमधलं 2236 कॅलिबर (मशीनचं मॉडेल) मला फार मोलाचं वाटतं. तासाला 28,800 ठोके, सिलिकॉनची सायलॉक्सी हेअरस्प्रिंग (बॅलन्स व्हीलला डोलवणारी बारीक स्प्रिंग), आणि केसमध्ये, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचात, बसवल्यानंतर दिवसाला ±2 सेकंदांची हमी. इतक्या लहान आकारात हे साधणं खरोखर अवघड काम आहे.

आता चावी भरण्याबद्दल. लहान मशीनचा रोटर, म्हणजे हात हलला की फिरून चावी भरणारं वजन, तोही लहान आणि हलका, त्यामुळे एका फेरीत चावीच्या स्प्रिंगला मिळणारा जोर कमी. टायपिंग करताना बोटं हलतात, मनगट फिरत नाही. रोटरला हवं असतं ते मनगटाचं फिरणं. बैठ्या दिवसात घड्याळ बंद पडणार नाही, पण पूर्ण भरणारही नाही, आणि अर्धवट भरलेल्या स्प्रिंगवर वेळही डळमळते. 2236 ला पूर्ण भरल्यावर 55 तास मिळतात. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सातला काढून ठेवलं तर सोमवारी पहाटे दोनच्या सुमारास थांबणार. कॉन्स्टेलेशन 29 मधल्या 8700 ला 50 तास, ते रविवारी रात्री नऊलाच. ही गणितं स्प्रिंग पूर्ण भरलेली धरून आहेत; बैठ्या आठवड्यानंतर त्याआधीच थांबेल.

उपाय सोपा आहे. आठवड्यातून दोनदा हातानेच चावी द्या. रोलेक्सचा क्राउन (चावीची बाजूची कळ) आधी आट्यांमधून सोडवायचा, पुढच्या दिशेला 25 ते 30 वेळा फिरवायचा, मग आत दाबून हलक्या हाताने परत आवळायचा. हे शेवटचं विसरलं तर 100 मीटरच्या पाणीरोधकतेला अर्थ राहत नाही. ऑटोमॅटिकमध्ये चावी ‘भरली’ असं हाताला कळत नाही, कारण स्प्रिंगचं बाहेरचं टोक भरल्यावर घसरत राहतं. फिरवत राहिलात तरी स्प्रिंग तुटत नाही.

चावीच्या घड्याळाचं उलट. रिव्हर्सोमध्ये हाताला ठाम अडथळा लागला की तिथेच थांबायचं. रोज ठरलेल्या वेळी, आणि मनगटावरून काढून. हातात असताना चावी दिली की क्राउन तिरका ओढला जातो आणि काही वर्षांत त्याचा दांडा आणि नळी झिजते. तुमचं काम पाहता माझं मत चावीच्या घड्याळाकडे झुकतं. रोटर नसल्याने केस पातळ राहते आणि रोज सकाळी स्प्रिंग पूर्ण भरलेली असते.

लग_टू_लग
वरच्या प्रतिसादाशी सहमत. मापाबद्दल थोडी भर.

घेरावरून घड्याळ निवडू नका. मनगटाच्या वरचा सपाट भाग पट्टीने मोजा आणि घड्याळाच्या वरच्या लगच्या (पट्टा जिथे अडकतो त्या शिंगाच्या) टोकापासून खालच्या टोकापर्यंतचं अंतर त्याच्याशी ताडून पाहा. हे अंतर सपाट भागापेक्षा चार-पाच मिमी तरी कमी हवं. चौकोनी घड्याळात तर व्यासाचा आकडा निरुपयोगीच. रिव्हर्सो क्लासिकचा लहान आकार सुमारे 34 बाय 21 मिमी आहे, तर रिव्हर्सो वन सुमारे 40 बाय 20. रुंदी जवळपास सारखी, पण लांबीतल्या फरकाने हातावर दोन्ही अगदी वेगळी दिसतात.

सेलवर चालणारं नको असेल तर नुसत्या मॉडेलच्या नावावर जाऊ नका. 25 आणि 28 मिमीच्या कॉन्स्टेलेशनमध्ये क्वार्ट्झ, म्हणजे सेलवरचं मशीन, आहे, 29 मध्ये ऑटोमॅटिक. 28 आणि 29 फोटोत सहज फसवतात. डायलवर ‘को-अॅक्सियल मास्टर क्रोनोमीटर’ असं लिहिलेलं आहे ना ते बघा. रिव्हर्सो क्लासिकच्या लहान, एका डायलच्या आवृत्तीत क्वार्ट्झ मिळतं. डुएटोला पुढे-मागे दोन डायल असतात, आणि एकच चावीचं मशीन दोन्ही बाजूंचे काटे फिरवतं. ऑडमार्स पिगेच्या 23 मिमीच्या मिनी रॉयल ओकमध्येही क्वार्ट्झच आहे. ऑटोमॅटिक हवं तर 34 मिमीपर्यंत जावं लागतं.

म्हणजे लहान मशीन बनत नाही असं नाही. जेगर-लकूल्त्रचं 101 कॅलिबर 1929 चं, 14 बाय 4.8 मिमी, वजन जेमतेम एक ग्रॅम. बुल्गारीने 2022 मध्ये काढलेलं पिक्कोलिसिमो 12.3 मिमी व्यासाचं आणि 2.5 मिमी जाडीचं, साठा 30 तास. दोन्ही चावीची, दोन्ही विलक्षण सुंदर. पण ती दागिन्यात बसवायची यंत्रं आहेत, रोजच्या धावपळीची नव्हेत.

निळी_सुई
खूप मदत झाली, दोघांचेही आभार. अजून एक. जुनं 26 मिमीचं लेडी-डेटजस्ट वापरलेल्या अवस्थेत मिळतंय, बेझलवर (काचेभोवतीच्या कड्यावर) हिरे आहेत. त्यात काय पाहावं? आणि पर्सचं चुंबकाचं बटण खरंच त्रास देतं का?

टाइमग्राफर
26 मिमी म्हणजे 28 मिमीच्या आधीची पिढी, त्यामुळे त्यात सिलिकॉन हेअरस्प्रिंग नसेल. टाइमग्राफरवर, म्हणजे टिकटिक ऐकून घड्याळ तपासणाऱ्या यंत्रावर, लावून दाखवायला सांगा. पूर्ण चावी, डायल वर: अॅम्प्लिट्यूड (बॅलन्स व्हील किती अंश डोलतं) 260 ते 300 अंश आणि बीट एरर (टिक आणि टॉकमधल्या वेळेचा फरक) 0.8 मिलिसेकंदाच्या आत असेल तर छान. उभ्या स्थितीत 30-40 अंश उतरणं साहजिक आहे. 24 तासांनी परत मोजल्यावर 200 च्या खाली गेलं तर तेल सुकलंय, सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून वळता करा. लिफ्ट अँगल (अॅम्प्लिट्यूड काढायला यंत्रात भरावा लागणारा, प्रत्येक कॅलिबरचा ठरलेला कोन) त्या कॅलिबरचाच दिलाय ना, तेही विचारा. तो चुकला तर अॅम्प्लिट्यूडचा आकडा खोटा येतो.

हिरे कंपनीचे की मागाहून बसवलेले, हा खरा प्रश्न. दहापट भिंगाखाली खड्यांच्या ओळीतलं अंतर आणि नख्यांचा आकार पाहा. कंपनीच्या कामात ते एकसारखं असतं. मागाहून केलेल्या कामात नख्या कमी-जास्त आणि कडांवर हत्याराचे ओरखडे दिसतात. बाहेर बसवलेले हिरे कितीही खरे असले तरी कंपनीचं सर्व्हिस सेंटर असं घड्याळ सहसा हातात घेत नाही. असं असेल तर सरळ नको म्हणा. ब्रेसलेटही आडवं धरून पाहा. फार लोंबकळलं तर कड्यांच्या पिना झिजल्या आहेत.

पर्सच्या बटणाचा त्रास होतो, हो. हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ दिवसाला काही मिनिटंसुद्धा पुढे जाऊ लागतं. पण चुंबकाचा जोर अंतराबरोबर झपाट्याने कमी होतो, पाच-सात सेंमी दूर असेल तर काळजी नाही. घड्याळ पर्सच्या झडपेखाली किंवा चुंबकी फोन कव्हरवर ठेवू नका, एवढंच. यादीतलं कॉन्स्टेलेशन 29 मात्र 15,000 गाउसचं चुंबकक्षेत्र सहन करतं, तिथे हा विषयच येत नाही.

एकाएकी पुढे जाऊ लागलं तर सर्व्हिसिंगला टाकण्याआधी डीमॅग्नेटाइझ करून (चुंबकत्व काढून) घ्या. त्याच्या उपकरणाचं बटण दाबलेलं असतानाच घड्याळ जवळ आणायचं, सावकाश हातभर लांब न्यायचं आणि मगच बटण सोडायचं. जवळ असताना सोडलं तर पहिल्यापेक्षा जास्त चुंबकत्व बसतं.